खंडोबातला सूर्य

१/
शिर्डीत समाधी मंदिराच्या रांगेत रोज हजारो माणसे उभी असतात. त्याच गावात रस्त्याच्या कडेला खंडोबाचे एक लहानसे देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकात या देवळाचा पुजारी होता म्हाळसापती; जातीने सोनार, परिस्थितीने गरीब. साईचरित्राची परंपरा सांगते की धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर एक तरुण फकीर आला, गाड्या याच देवळापाशी सुटल्या आणि म्हाळसापतीने ‘या साई’ म्हणून त्याचे स्वागत केले. पुढे जगभर गेलेले ते नाव प्रथम उमटले खंडोबाच्या भगताच्या मुखातून. फकिराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. या धाग्याचा विषय मात्र त्या भगताचा देव आहे.

२/
या देवाचे पोथीतले नाव ‘मार्तंड भैरव’. त्यातला भैरव म्हणजे शिवाचे उग्र रूप, हे बहुतेकांना ठाऊक असते. मार्तंड म्हणजे सूर्य, याकडे सहसा लक्ष जात नाही. खंडोबाचा वार रविवार. त्याचा प्रसाद पिवळीधमक हळद. त्याचे वाहन घोडा. त्याच्या पूजेत दिवटी पेटलेली हवीच. महाराष्ट्रात सूर्याची मोठी मंदिरे फार थोडी आहेत, कोणार्क किंवा मोढेऱ्यासारखे एकही नाही. तरीही येथील सर्वांत लोकप्रिय कुलदैवतांपैकी एकाच्या नावात सूर्य आहे. तो तेथे पोहोचला कसा, हे पाहताना एक देव कसा घडत जातो हेही दिसते.

३/
आरंभ ऋग्वेदापासून करावा लागतो. दहाव्या मंडलातील बहात्तराव्या सूक्तात अदितीच्या आठ पुत्रांची कथा आहे. सातांना घेऊन ती देवांकडे गेली. आठव्याला, मार्तंडाला, तिने दूर टाकले. जन्मासाठी आणि पुन्हा मरणासाठी तिने त्याला परत आणले. रोज उगवणाऱ्या आणि रोज मावळणाऱ्या सूर्याचे याहून नेमके वर्णन कठीण. देवांच्या पंक्तीत न बसलेला हा मुलगा माणसांच्या वाट्याला आला. माणसांसारखाच तो जन्मतो आणि मरतो.

४/
पुराणांनी या नावाची व्युत्पत्ती कथेत गुंफली. मार्कंडेय पुराणात अदिती गर्भवती असताना कठोर उपास करते. कश्यप रागावून विचारतो, हे अंड मारून टाकतेस की काय? अदिती गर्भ बाहेर टाकते आणि त्यातून तेजाचा गोळा प्रकटतो. ‘मारित अंड’ ज्याला म्हटले तो मार्तंड. मृत ठरवलेले जे जिवंत निघाले, ते म्हणजे सूर्य. कथा सांगणाऱ्याला व्याकरण सिद्ध करायचे नव्हते. जे टाकून दिले त्यातूनच प्रकाश येतो, हा विश्वास त्याला पिढ्यानपिढ्या पोहोचवायचा होता.

५/
याच पुराणात दुसरी कथा येते. सूर्याचे तेज त्याची पत्नी संज्ञा हिला सोसवेना. आपल्या जागी छायेला ठेवून ती घोडीचे रूप घेऊन निघून गेली. मग विश्वकर्म्याने सूर्याला चरकावर धरून त्याचे तेज तासले आणि निघालेल्या तेजातून विष्णूचे चक्र व शिवाचा त्रिशूळ घडवला. सूर्य अश्वरूपाने संज्ञेला भेटला. त्या भेटीतून अश्विनीकुमार जन्मले आणि रेवंतही: हाती खड्ग, अंगात चिलखत, जन्मतःच घोड्यावर स्वार. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त रेवंताच्या मूर्तीचे वर्णन केले आहे, घोड्यावर बसून परिवारासह शिकारीला निघालेला. घोड्यावरच्या खड्गधारी खंडोबाशी त्याचे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

६/
सूर्यपूजेचा एक संघटित पंथही भारतात होता आणि त्याची कथा तर बाहेरून पुरोहित आणल्याचीच कथा आहे. कृष्णपुत्र सांबाला पित्याच्या शापाने कुष्ठ झाले. त्याने चंद्रभागेच्या, म्हणजे आजच्या चिनाबच्या, तीरी सूर्याची आराधना केली आणि तो बरा झाला. मंदिर तर उभारले. पण पूजा करणार कोण? तेव्हा सांबाने गरुडावर बसून शाकद्वीपातून मग ब्राह्मणांची अठरा कुळे आणली. हे मग म्हणजे इराणी परंपरेतील अग्नी आणि सूर्य यांचे उपासक, असे इतिहासकार मानतात. त्यांच्या कमरेच्या ‘अव्यंग’ या पवित्र पट्ट्याचे नावही इराणीच आहे.

७/
या स्थलांतराचा पुरावा केवळ पुराणात नाही, दगडातही आहे. उत्तर भारतातील जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट दिसतात. देवाच्या पायात पादत्राण! वराहमिहिर सांगतो की सूर्याला ‘उदीच्य वेष’, म्हणजे उत्तरेकडचा पोशाख, घालावा आणि त्याची प्रतिष्ठा मगांनी करावी. मुलतानचे सूर्यमंदिर सातव्या शतकात ह्युएन त्सांगने पाहिले. अकराव्या शतकात अल्‌बेरुनीने त्याची हकीकत लिहिली. परदेशातून आलेले पुरोहित, परदेशी पोशाखातला देव आणि त्यांना येथील मातीशी जोडणारी कृष्णपुत्राची कथा: पंथ असा उभा राहिला. आलेल्यांना घर हवे होते आणि कथेने ते दिले.

८/
महाराष्ट्रातही सूर्याच्या खुणा जुन्या आहेत. लोणावळ्याजवळील भाजे लेण्यात इसवी सनापूर्वीच्या काळातील, चार घोड्यांच्या रथातला देव कोरलेला आहे. बहुतेक अभ्यासक त्याला सूर्य म्हणतात, काही जण वेगळा अर्थ लावतात. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीला कनकादित्याचे देऊळ आजही नांदते आहे. घराघरांत रथसप्तमीला सात घोड्यांचा रथ काढून, अंगणात पूर्वेला तोंड करून मातीच्या बोळक्यातले दूध उतू घालतात. श्रावणातील रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी वाचतात. ही राणूबाई म्हणजे सूर्यपत्नी राज्ञी, गुजरातेतल्या रांदलची बहीणच. तरीही स्वतंत्र सूर्यपंथ येथे बळावला नाही. सूर्य दुसऱ्या देवांच्या घरी राहायला गेला आणि सर्वांत ठळकपणे तो राहिला खंडोबाकडे.

९/
खंडोबाची मुख्य पोथी म्हणजे संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’. ती स्वतःला ब्रह्मांड पुराणाचा भाग म्हणवते. अभ्यासक तिची रचना पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास धरतात. कथा अशी: ब्रह्मदेवाच्या वराने मातलेले मल्ल आणि मणी हे दैत्य बंधू सप्तर्षींचा आश्रम उद्ध्वस्त करतात. ऋषी इंद्राकडे जातात, विष्णूकडे जातात, दोघेही असमर्थ ठरतात. अखेर शिव मार्तंड भैरवाचे रूप घेतो: सूर्यासारखा तेजस्वी, हळदीने माखलेला, कपाळी चंद्रकोर. सोबत सात कोटींचे सैन्य. कानडीत सात म्हणजे ‘एळु’. भक्तांच्या ‘येळकोट’ या घोषात तेच सात कोटी ऐकू येतात, असे मानले जाते. मराठी भाविकाच्या ओठांवर कानडी आकडा आहे, कारण हा देव कर्नाटकात मैलार म्हणून तितकाच घरचा आहे.

१०/
युद्धाचा शेवट मात्र पाहण्यासारखा आहे. पडलेला मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ राहण्याचा वर मागतो. त्याला जागा मिळते. अनेक खंडोबा-स्थानी मणी आजही पुजला जातो. मल्ल मरतानाही विनाशच मागतो. त्याचे मस्तक पायरीशी येते आणि भाविक त्यावर पाय देऊन आत जातात. एकाच घरातले दोन शत्रू, दोघांचा निवाडा वेगळा. पराभूताला देवळात घेणारी ही कथा अभ्यासकांना वेगळेच काही सुचवते: स्थानिक, कदाचित अधिक जुन्या दैवतांना मोठ्या देवाच्या अंगणात सामावून घेतल्याची ती आठवण असू शकते.

११/
विजयाचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी. प्रतिपदेपासून सहा दिवसांचे नवरात्र असते. सहाव्या दिवशी वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी असा नैवेद्य होतो. ताम्हनात भंडारा, खोबरे, सुपारी ठेवून पुरुषमंडळी तळी उचलतात. हीच तिथी स्कंदाचीही आहे. काहींच्या मते ‘खंडोबा’ हे नावच स्कंदावरून आले. काही ते ‘खंडा’, म्हणजे तलवार, या शब्दाशी जोडतात. शिव, सूर्य, रेवंत, स्कंद: एका देवात चार प्रवाह मिसळले. रामचंद्र चिंतामण ढेरे आणि धनगरांच्या ओव्या गोळा करणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी हे प्रवाह वेगवेगळे ओळखून दाखवले. देव लहान व्हावा हा त्यांचा हेतू नव्हता. इतक्या लोकांना हा देव आपला का वाटला, हे त्यांना समजून घ्यायचे होते.

१२/
त्या ‘का’चे उत्तर देवाच्या संसारात आहे. म्हाळसा ही नेवाशाच्या तिम्मशेठ या लिंगायत वाण्याची कन्या. नेवासे शिर्डीच्याच जिल्ह्यातले. बाणाई धनगराची. शिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई भागवीण. प्रत्येक समाजाने आपली लेक देवाला दिली आणि देव जावई झाला. मुसलमान भक्तांनी त्याला मल्लुखान म्हटले. जेजुरीत देवाच्या घोड्यांची देखभाल परंपरेने मुसलमानांकडे असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. सूर्य कोणा एका गावाचा नसतो. त्याचे नाव धारण करणारा हा देवही कोणा एका जातीचा राहिला नाही.

१३/
नाण्यांवरही एक धागा सापडतो. होळकर घराणे धनगर, त्यांचे कुलदैवत खंडोबा. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडीचा. त्यांच्या सासऱ्यांचे नाव मल्हारराव, पतीचे खंडेराव. दोन्ही नावे याच देवाची. इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर मानवी चेहऱ्याचा सूर्य दिसतो. सूर्याचे चिन्ह अनेक राजघराण्यांनी वापरले, म्हणून एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण मल्हारीच्या नावाच्या टांकसाळीतून निघालेला सूर्य पाहून खंडोबाच्या भक्ताला परके वाटण्याचे कारण नव्हते.

१४/
या घडणीची काळी बाजूही सांगितली पाहिजे. देवाला जावई करणाऱ्या समाजाने लेकीही देवाला वाहिल्या. नवस फेडण्यासाठी मुलीचे लग्न खंडोबाशी लावले जाई. ती मुरळी होई. तिला संसार नसे आणि तिच्या वाट्याला येणाऱ्या शोषणाला धर्माचे पांघरूण मिळे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या चालीविरुद्ध काम केले. पुढे १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने मुलींना देवाला वाहणे बेकायदा ठरवले. एकच कथा कोणाला आधार देते आणि कोणाकडून किंमत वसूल करते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने टाळू नये.

१५/
आता रविवार. सात वारांचा आठवडा वैदिक नाही. ग्रहांच्या नावांचे वार ग्रीक-रोमन ज्योतिषाबरोबर भारतात रुजले. वार नोंदवणारा येथील सर्वांत जुना ज्ञात लेख मध्य प्रदेशातील एरणचा, इ. स. ४८४ चा, आणि तो वार गुरुवार आहे. रोममध्ये ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याचा वार विश्रांतीचा ठरवला. तोच वार इकडे रविवार झाला आणि मार्तंडाचा म्हणून खंडोबाला लाभला. या दोन परंपरा एकोणिसाव्या शतकातील मुंबईत एकमेकींना भेटल्या.

१६/
१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त खंडोबाची कथा नव्याने मांडली. त्यांच्या मते तो बळीराजाच्या राज्यातील अधिकारी होता, शूद्रातिशूद्रांचा पूर्वज. पुराणकथा नाकारण्याऐवजी त्यांनी ती आपल्या लोकांसाठी परत मागून घेतली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांत काम करत. विजेचे दिवे येण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. सूर्यच कामगारांचा मुकादम होता आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांनी मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी होती. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो आम्हाला मोकळा हवा, असा त्यांचा युक्तिवाद सांगितला जातो. १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली.

१७/
वेदातला टाकून दिलेला मुलगा, इराणहून आलेल्या पुरोहितांचा देव, ग्रीक ज्योतिषातला वार, कानडी सात कोटी, धनगरांचा जावई, फुल्यांचा बळीवंशीय आणि गिरणी कामगाराची सुट्टी. हे सारे एकाच नावाच्या पोटात आहे. कोणीतरी कधीतरी यातला प्रत्येक तुकडा जोडला. म्हणून हे सारे खोटे, असे म्हणणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. घर माणसांनी बांधलेले असते म्हणून ते खोटे ठरत नाही. विचारायचे असते ते एवढेच, की ही भिंत कोणी घातली, कशासाठी घातली आणि तिच्या आत कोणाला जागा मिळाली, बाहेर कोण राहिले.

१८/
हाच प्रश्न शिर्डीच्या त्या लहानशा देवळाच्या उंबरठ्यावरही आला होता. परंपरेतील एक कथा अशी, की फकिराला खंडोबाच्या देवळात राहावेसे वाटले, पण तो मुसलमान आहे असे समजून म्हाळसापतीने नकार दिला. फकीर पडक्या मशिदीत राहू लागला. ज्याला भक्त मल्लुखानही म्हणत, त्या देवाच्या भगताने फकिरासाठी दार लावून घेतले. पुढे तोच म्हाळसापती त्या मशिदीत जाऊ लागला आणि रात्री तेथेच झोपू लागला. साईचरित्रात १८८६ सालचा प्रसंग येतो: तीन दिवस फकिराचे निश्चेष्ट शरीर मांडीवर घेऊन बसलेला आणि त्याला मृत मानून पुरू न देणारा सेवक म्हणजे म्हाळसापतीच. मृत ठरवलेले अंड जिवंत निघाल्याची कथा त्याच्याच देवाच्या नावात होती.

१९/
म्हाळसापती १९२२ मध्ये वारला. खंडोबाची पूजा त्याने सोडली नाही आणि मशिदीची वाटही सोडली नाही. पोथ्यांनी, पुरोहितांनी, राजांनी आणि सुधारकांनी या देवात आपापली भर घातली. या गरीब सोनाराने त्यात एकही नवी कथा रचली नाही. त्याने एकदा लावलेले दार नंतर उघडले. शिर्डीला गेलेल्याने रांगेतून बाहेर पडल्यावर त्या देवळाकडेही जावे. तेथे कपाळाला लागणारी पिवळी हळद म्हणजे फार जुना सूर्यप्रकाश आहे आणि तो आपल्यापर्यंत अनेकांच्या हातांनी आला आहे.